डुकरांचा फौजदार जोथम पीझली

माझ्या भावाच्या थडग्यावरच्या दगडावर काय कोरायचं, हे गावाच्या पंचांनी मला न विचारता ठरवलं. ठरल्यावर डीकन ट्रॅस्क स्वतः कागद घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले. हे लेम्युएल ट्रॅस्क म्हणजे आमच्या हॅरोफील्ड गावचे मुख्य पंच. रविवारी चर्चचा कारभारही तेच बघतात, त्यामुळे सहा दिवस गावाचा आणि सातव्या दिवशी देवाचा हिशेब त्यांच्याच हातात. त्यांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि वाचलं, "जोथम पीझली, वकील. अकरा वर्षं विधिमंडळात या गावाचा प्रतिनिधी. त्याने सर्वांना संतोष दिला."

मी शेंगदाण्याएवढे खडे असलेले वाल निवडत होते. ते तसेच टाकले.

"आणि शेवटची दोन वर्षं, डीकन?"

"ते कशाला आता, हिटीबाई? मेलेल्या माणसाची शोभा कशाला करायची?"

शोभा! शोभा कुणाची झाली होती ते या गावातल्या डुकरांनाही ठाऊक आहे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तेव्हापासून रोज थोडं थोडं लिहिते आहे, कारण मी गेल्यावर ही माणसं त्याला गोड साखरेत घोळून ठेवतील आणि खरा जोथम कुणाला कळणार नाही. तो माझा धाकटा भाऊ. मी काही त्याची आरती ओवाळणार नाही. त्याच्यावर जितकी मी चिडले तितकी जन्मात कुणावर चिडले नाही.

आमच्या बापाचं शेत म्हणजे दगडांचं पीक. दर वसंतात बर्फ वितळलं की जमिनीतून नवे दगड वर यायचे आणि ते उचलून आम्ही बांधावर रचायचो. जोथमची छाती नाजूक. चार दगड उचलले की खोकायला लागायचा. शेवटी बाप म्हणाला, "याच्याकडून काम होणार नाही, याला वकील करा." जिल्ह्याच्या गावी एका वकिलाकडे तीन वर्षं त्याने दुसऱ्यांचे कागद नकलून काढले, जिन्याखाली झोपला, मालकाचे जोडे पुसले आणि वकील होऊन परत आला.

तेव्हा इंग्रजांशी लढाई नुकतीच संपत आली होती. वकील म्हटलं की लोक थुंकायचे. गावात आला त्याच आठवड्यात त्याच्या कोटावर कुणीतरी सडका सलगम फेकून मारला. त्या दिवशी जोथमने मनाशी काय ठरवलं ते त्याने कधी सांगितलं नाही, पण मी बघत होते. त्याने ठरवलं की पुन्हा आपल्यावर कुणी सलगम फेकता कामा नये. त्यानंतर तो ज्याच्याकडे जेवायला बसे त्याच्या बाजूचा होई. बांधावरून भांडणारे दोघे त्याच्याकडे आले, तर दोघेही आपणच जिंकलो असं समजून परत जात. आणि बांध होता तिथेच राही. अशा माणसाला गाव निवडून देणार नाही तर कुणाला देणार? दर मे महिन्यात हात वर होत आणि माझा भाऊ मी रफू केलेले मोजे घालून राजधानीला जाई.

चौथ्या वर्षी त्याने तो कायदा लिहिला.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. गावात कुणी नवं राहायला आलं की वर्षाच्या आत कॉन्स्टेबल दारात जाऊन कागद वाचतो, की चौदा दिवसांत हे गाव सोडा. याला ताकीद म्हणतात. कुणी सोडून जात नाही आणि कुणी जावं अशी अपेक्षाही नसते. कॉन्स्टेबल ताकीद वाचतो आणि त्याच घरात बसून सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, पितो. कागद मात्र गावाच्या पेटीत जातो. पुढे तो माणूस म्हातारा झाला, आंधळा-पांगळा झाला, की कागद बाहेर येतो. तुला आम्ही सांगितलं होतं, तू आमचा नव्हेस, तुला पोसायची जबाबदारी आमची नाही. मग त्याला गाडीत घालून त्याच्या जन्मगावी सोडून येतात.

जोथमच्या कायद्याने या रितीला लोखंडी कडी घातली. एकदा ताकीद मिळालेला माणूस जन्मभर परका. त्याने मला चुलीपाशी बसून मसुदा वाचून दाखवला, परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखं तोंड करून.

"जोथम, म्हणजे माणूस धडधाकट असेपर्यंत शेजारी, आणि मोडला की परका?"

"ताई, सगळी गावं हेच मागतायत. आणि मी दोन वाटा ठेवल्यात ना. ज्याच्या नावावर जमीन असेल तो गावचा. नाहीतर ज्याने गावाचं कुठलंही पद शपथ घेऊन वर्षभर सांभाळलं असेल, तो आणि त्याची बायको गावची."

"केझाया मावशीकडे यातलं काय आहे?"

"तिच्यावर ती वेळ कशाला येईल?" असं म्हणून त्याने कागदावर वाळू टाकून शाई सुकवली.

केझाया रड ही आमच्या गावची सुईण. पंचविशीत नवऱ्याबरोबर लग्नानंतर लगेच इथे आली. नवरा एमस कातड्याच्या कारखान्यात कामाला होता, जमीन नाही, घर भाड्याचं. लढाईत गेला आणि छावणीत तापाने मेला. मूलबाळ नाही. त्यानंतर तेहतीस वर्षं ही बाई कमरेएवढ्या बर्फातून, पायाला जाळीचे जोडे बांधून, ज्या घरातून हाक येईल तिथे गेली. गावातल्या निम्म्या लोकांना जगात पहिला हात लागला तो तिचा. डीकन ट्रॅस्कची सातही पोरं तिच्या हातांत जन्मली. मग डोळ्यांत सारा पडून तिला दिसेनासं झालं, आणि एका जानेवारीत विहिरीपाशी बर्फावर घसरून तिचं कंबरेचं हाड मोडलं. मी तिला आमच्या स्वयंपाकघरात चुलीजवळच्या बाकावर आणून झोपवलं.

फेब्रुवारीत डीकन आले, बरोबर कॉन्स्टेबल. चाळीस वर्षांपूर्वीचा पिवळा कागद उलगडून वाचायला लागले. 'एमस रड आणि त्याची बायको केझाया...'

"कोण, लेम्युएल का?" मावशी बाकावरून म्हणाली. "आवाज बसलाय रे तुझा. हिटी, त्याला कोमट पाण्यात मध दे गं."

डीकन थांबले नाहीत. मार्चच्या गावसभेत मंजुरी घेऊन तिला गाडीने एमसच्या जन्मगावी पोचवणार. डोंगरापलीकडे ऐंशी मैल, मार्चच्या चिखलात, मोडलेल्या हाडाने. तिथे एमसला ओळखणारंही कुणी उरलं नव्हतं.

"जगेल का ती तिथवर?" मी विचारलं.

"देवाची इच्छा," डीकन म्हणाले, आणि मी मधाचा पेला परत उचलून घेतला.

जोथम टेबलापाशी बसून होता. तो आपल्या कागदांच्या कडा जुळवत राहिला.

त्याच संध्याकाळी जेवताना मावशीची जीभ सुटली. जायचं म्हटल्यावर माणसाला जुनं आठवतं. "एमसची डुकरं आठवतात का रे तुम्हाला? तुम्ही तेव्हा पोरं होतात."

आम्हाला आठवत होती. कुणाला आठवणार नाहीत? मार्चच्या सभेत गावची सगळी पदं भरतात, आणि शेवटी हास्यविनोदात डुकरांचा फौजदार निवडतात. मोकाट डुकरं पकडायची, त्यांच्या नाकात कडी आणि गळ्यात लाकडी जोखड घालायचं, नसेल तर कोंडवाड्यात न्यायची, हे त्याचं काम. आणि ते पद, गंमत म्हणून, त्या वर्षी ज्याचं लग्न झालं असेल त्याच्या गळ्यात बांधायचं ही गावाची रीत. नवा नवरा बायकोला सोडून डुकरांमागे धावतोय, हे बघून गाव वर्षभर हसतं.

"पाद्रीबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींतून ती डुकरीण गेली, आणि मागून माझा एमस!" मावशी हसता हसता कण्हली. "पांढरा झगा घातलेली डुकरीण सबंध गावातून पळाली गं!"

मी डोळे पुसत होते. जोथमकडे लक्ष गेलं, तर त्याचा चमचा अर्ध्यावर थांबला होता. तो उठला, फळीवरून आपला कायदा काढला, एक पान बघितलं, परत ठेवला. जेवायला पुन्हा बसला नाही.

आठ दिवस तो एक शब्द बोलला नाही. नवव्या दिवशी झाडताना मी तो कायदा खाली घेतला. वाचता मला येतं. कुठलंही पद, शपथ घेऊन, वर्षभर. तो आणि त्याची बायको.

मी झाडू घेऊनच त्याच्या खोलीत गेले. "तुला आठ दिवसांपासून माहीत आहे!"

"हळू बोल, ताई."

"नाही बोलणार! ती बाई चुलीपाशी पडल्या पडल्या जायची तयारी करतेय, तिने आपली दोन पोलकी घडी करून उशाशी ठेवलीत, आणि तू माहीत असून गप्प?"

"तुला कळत नाहीये. ही गंमत चाळीस वर्षं चाललीये. दरवर्षी दोघं-तिघं नवे नवरे. त्यातले किती मजूर, किती ताकीद मिळालेले! मी एकदा तोंड उघडलं की ती सगळी घरं गावच्या गळ्यात पडतात. आणि गाव मला उभं जाळेल."

"म्हणजे तुझी खुर्ची."

"फक्त खुर्ची नाही, ताई. मला लोकांनी रागावलेलं सहन होत नाही. कधीच झालं नाही."

एवढं खरं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. मला दया यायला हवी होती. नाही आली. बायकांना सभेत बोलायची परवानगी असती तर मी त्याच्या तोंडाकडे बघितलंही नसतं, सरळ जाऊन उभी राहिले असते. मी त्याला एवढंच सांगितलं की गाडी निघेल तेव्हा मावशीशेजारी मी बसेन, आणि परत येणार नाही. त्याचे मोजे गावाने रफू करावेत.

सभेच्या दिवशी सभाघराबाहेर पेंढा भरलेली गाडी सकाळपासून उभी होती. मावशीला कॉन्स्टेबलने आणि मी उचलून आत आणलं, कारण तिच्यासमोर ठराव वाचायचा नियम. मी इतर बायकांबरोबर वरच्या सज्जात गेले. आम्ही आणलेल्या पावांना आणि वालांच्या भांड्यांना खाली चांगली जागा दिली होती. आम्हाला नव्हती.

पदं भरून झाली. शेवटी डुकरांचा फौजदार. त्या वर्षीचा नवरा गवंड्याचा मुलगा होता, कानापर्यंत लाल झाला, हात वर करून शपथ घेतली, आणि सगळे पोट धरून हसले. डीकनही हसले. मग हसू पुसून त्यांनी मावशीचा कागद काढला.

जोथम उभा राहिला. मला वाटलं, बाहेर जातोय. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"कारकुनांनी चाळीस वर्षांपूर्वीची नोंदवही वाचावी," तो म्हणाला. "मार्चची सभा."

"कशाला?" डीकन म्हणाले.

"मी या गावाचा प्रतिनिधी आहे म्हणून."

कारकुनाने वाचलं. डुकरांचा फौजदार म्हणून एमस रड याची निवड झाली, त्याने शपथ घेतली. जोथमने आपला कायदा उघडला आणि ते कलम वाचलं. आवाज कापत होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग मागून कुणीतरी शीळ घातली.

"अहो वकीलसाहेब!" डीकन हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले. "ती चेष्टा आहे. ते काय पद झालं?"

"एमसने शपथ कुठे घेतली, डीकन?"

"इथेच. पण..."

"या घरात रविवारी तुम्ही प्रार्थना सांगता. इथे देवाचं नाव घेऊन, हात वर करून घेतलेली शपथ चेष्टा असते, असं तुम्ही म्हणताय का? मोठ्याने म्हणा, कारकून लिहून घेतील."

सज्जात माझ्या शेजारची बाई "देवा" म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"वर्षभर केलं कशावरून?" दुसऱ्या एका पंचाने ओरडून विचारलं.

"पुढच्या वर्षीची नोंद वाचा," जोथम म्हणाला.

कारकुनाने पान उलटलं आणि डीकनकडे बघितलं. "एमस रड याने वर्षभर काम केलं, त्याच्याकडून कड्या आणि चिमटा मिळाला," तो पुटपुटला. "सही, नवा फौजदार, लेम्युएल ट्रॅस्क."

"हो, लेम्युएलच होता!" मावशी आपल्या खुर्चीवरून आनंदाने म्हणाली. "चिमटा दुसऱ्याच दिवशी हरवलास की रे तू!"

कुणी हसलं नाही. कारण आता उमगायला लागलं होतं. माणसं बोटांवर मोजत होती, की आपल्या गोठ्यात कोण, आपल्या गिरणीत कोण, कुणाकुणाला आपण हसत हसत फौजदार केलं. मग एकदम गलका उठला. घरभेद्या! याला आपण पोसला! गाडीवाला दारात येऊन विचारायला लागला की घोडे सोडू का, आणि त्याला कुणी उत्तर देईना. शेवटी मीच सज्जातून ओरडले, "सोड!"

आम्ही बाहेर पडलो तेव्हा बर्फाचा एक गोळा येऊन जोथमच्या कानशिलावर फुटला. आत दगड होता. रक्त आलं. मी रुमालाने दाबून धरलं.

"सलगमापेक्षा कठीण आहे," तो म्हणाला. "ताई, आता एवढं काही वाटत नाही गं."

"आठ दिवस लागले तुला," मी म्हणाले. "आठ दिवस आणि त्याआधी सात वर्षं. तो कायदा तूच लिहिलास." रक्त पुसताना मी त्याला हे बोलले. आजही मागे घेणार नाही.

मे महिन्यात त्याच्या बाजूने हात वर झाले ते बोटांवर मोजण्याइतके. नव्या प्रतिनिधीने राजधानीत जाऊन पहिलं काम काय केलं असेल? ते कलम बदललं. डुकरांचा फौजदार पदांतून वगळला. ज्या मजुरांनी तोवर अर्ज केले नव्हते त्यांची वाट बंद झाली. आजही आमच्या दारावरून पेंढ्याच्या गाड्या जातात, आणि त्या जाताना बघितल्या की माझ्या हातातलं भांडं खाली आदळतं. मावशी तेवढी वाचली.

पुढच्या मार्चला गावाने सूड उगवला. पदं भरता भरता एकाने ओरडून नाव सुचवलं, "डुकरांचा फौजदार, जोथम पीझली!" पंचावन्न वर्षांचा अविवाहित, खोकणारा माणूस. छप्पर हादरेल इतके हसले. नाही म्हणायची सोय होती, दंड भरून सुटका होते. जोथम उठला. कोटाची बटणं लावली. हात वर केला आणि विधिमंडळात घ्यायचा तशी एकेक शब्द उच्चारून शपथ घेतली. हसू हळूहळू विरलं.

घरी आल्यावर मावशीने त्याला शेजारी बसवलं. "डुकरिणीच्या मागे धावायचं नाही. एमस वर्षभर धावला म्हणून सांगते. टोपीत मक्याचे दाणे घे, आणि पुढे चाल."

आणि माझा भाऊ टोपीत मक्याचे दाणे घेऊन गावातून चालायला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागोमाग जी डुकरीण कोंडवाड्यात शिरली ती मीही पाहिली. पाठोपाठ डीकन धापा टाकत आले.

"पीझली! ही माझी डुकरीण आहे!"

"ओळखलं, डीकन. नाकात कडी नाही, गळ्यात जोखड नाही. रीतसर दंड भरा आणि घेऊन जा."

"मला ओळखत नाहीस तू?"

"चांगला ओळखतो. हे पद तुम्हीही सांभाळलंय."

आयुष्यभर सगळ्यांच्या मनासारखं बोलणारा तो माणूस त्या दोन वर्षांत कुणाच्याच मनासारखं बोलला नाही. पंचाचं डुक्कर आणि विधवेचं डुक्कर, दोघांना एकच कडी. विधवेच्या डुकराला तो कडी स्वतः घालून द्यायचा एवढंच. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याला चिडवायला पुन्हा निवडलं, आणि त्याने पुन्हा शपथ घेतली. गावातल्या बागा इतक्या सुरक्षित कधी नव्हत्या.

मावशी त्याच वर्षीच्या शरदात गेली, आमच्या चुलीपाशी. मी आणि जोथमने तिला आमच्या जागेत पुरलं. पंचांनी ख्रिस्ती माणसासारखे खांदे दिले, बर्फ पडायच्या आत उरकावं म्हणून घाई करत. गेल्या नोव्हेंबरात पावसात कुणाचं तरी डुक्कर सलगमाच्या शेतातून काढताना जोथमला थंडी भरली, आणि त्याची छाती काही ते सोसू शकली नाही. शेवटच्या दिवशी त्याने मला विचारलं, "ताई, अजून रागावली आहेस?" मी हो म्हणाले. तो हसला. मी त्याचा हात सोडला नव्हता.

तर डीकन कागद घेऊन उभे होते. मी म्हटलं, शेवटची दोन वर्षं लिहिणार असाल तर दगड बसवा. ते म्हणाले, पंच मानणार नाहीत, दगड गावाचा आहे.

मी शाल घेतली आणि दगड कोरणाऱ्याकडे गेले. तरुण माणूस, हाताला पांढरी धूळ. गावाचा दगड त्याच्या अंगणात आडवा होता, 'जोथम पीझली' एवढं कोरून झालेलं.

"पंचांचा मजकूर आलाय, हिटीबाई," तो म्हणाला. "मला या गावात राहायचंय."

"तुझ्या जन्माच्या वेळी कोण होतं?"

त्याने छिन्नी खाली ठेवली. "मी पायाळू होतो म्हणे. मावशींनी रात्रभर... आई नेहमी सांगायची." मग त्याने पंचांचा कागद घडी करून खिशात घातला. "काय लिहू?"

सर्वांना संतोष दिला, हे मी लिहू दिलं नाही. अकरा वर्षंही नाहीत. त्या दगडाशेजारून चर्चला जाणारी वाट आहे, आणि डीकन ट्रॅस्कना दर रविवारी तिथून जावं लागतं. आता त्यावर एवढंच आहे :

जोथम पीझली. या गावचा डुकरांचा फौजदार. शपथ घेतली आणि पाळली.